जागेवरच वाळलेली घेटुळी

चिमणीला सकाळपासून लघवीला झालं नव्हतं. तिच्या आईनं, घरच्या सुनेनं, तीनदा विचारलं, दोनदा नेऊन बसवलं. पोरगी नुसती आपल्या पायांकडे बघत राहिली. पाच वर्षांचं लेकरू चार दिवस आग होते म्हणून रडत होतं, आज रडतही नव्हतं. 

सासूबाई मात्र निवांत. कालपासून पाजलेला काढा आता लागू पडतोय, आधी आग बसते, मग मोकळं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा हात कच्चा नव्हता. जमिनीला बिलगून पसरणारी, लालसर देठांची घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, कुठे मिळते हे त्यांना पाठ होतं. मुलाचा मुतखडा त्यांनी तिच्यावरच पाडला होता. डॉक्टरचं नाव निघालं की तो खडा डबीतून काढून दाखवायच्या. एरवी घेटुळी वाळायला आठवडा जायचा. या खेपेला ती जागेवरच कडकडीत वाळलेली मिळाली, पसरायचाही व्याप वाचला, असं काल शेजारणीला कौतुकानं सांगून झालं होतं.

सुनेला ते आत्ता खटकलं. आठवडाभर हवा इतकी कोंदट, की दोरीवरचे कपडे वाळत नव्हते. मग घेटुळी कशी वाळली?

मी येईपर्यंत तिला काही देऊ नका, असं बजावून सासूबाई पाला आणायच्या त्या गोदामाच्या भिंतीकडे ती धावत गेली. भिंतीलगतचा पट्टा तपकिरी पडला होता. गवत, घेटुळी, सगळं एका सरळ रेषेत मेलेलं, रेषेपलीकडे हिरवंगार. उन्हानं वाळलेलं असं रेघ ओढून वाळत नाही.

गेटवरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, पाच-सहा दिवसांपूर्वीच तणनाशक मारलंय. "जालीम आहे ताई. मुळासकट जातं," तो अभिमानानं म्हणाला.

ती घरी पोचली तेव्हा सासूबाई चिमणीच्या ओठांना कप लावत होत्या.

"आई, कप खाली ठेवा. त्या पाल्यावर विष मारलंय."

सासूबाईंचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. वीस वर्षं त्या तिथूनच आणत होत्या. चार बुकं शिकून आलेल्या पोरीनं त्यांना पाला ओळखायला शिकवावं?

"माझ्या नातीला मी विष पाजीन का गं?" त्या म्हणाल्या, आणि सुनेनं हात धरेपर्यंत कप स्वतःच घटाघटा रिकामा केला.

सुनेनं उरलेला पाला पिशवीत कोंबला, पोरीला कडेवर घेतलं, सासूबाईंना दंडाला धरून बाहेर काढलं. वाटेत तिचं लक्ष पोरीच्या तोंडाकडे गेलं. चिमणीच्या पापण्या सुजलेल्या होत्या. हे सकाळीच कसं दिसलं नाही, म्हणून सून स्वतःला खात राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पिशवी उघडली, वास घेतला आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. नर्सनं चिमणीच्या हातात तपासणीसाठी छोटी डबी दिली.

सून तिला घेऊन स्वच्छतागृहात बसली. नर्सनं युक्ती म्हणून नळ सोडला. पाणी वाहत राहिलं.

"आई, येतच नाही," चिमणी हळूच म्हणाली.

दाराबाहेर सासूबाईंचा आवाज आला, एकदम बारीक झालेला. त्या नर्सकडे स्वतःसाठी आणखी एक डबी मागत होत्या.