शुक्रवारचा आजार

गुरुवार होता, म्हणजे बाळकृष्णपंतांचा पाय मोडलेला होता.

सकाळी आठच्या ठोक्याला ते खाटेवर आडवे झाले, उजवा पाय पुढे केला आणि मुलीला म्हणाले, "जिन्यावरून पडलोय. कर सुरू."

यशोधरा नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती आणि तिसऱ्यांदा बसू देत नाहीत. मागच्या साली प्रात्यक्षिकात हृदयविकाराच्या रोग्यापुढे तिची दातखीळ बसली होती. तेव्हापासून वडिलांनी कारभार हाती घेतला. तीस वर्षं दरबारच्या कचेरीत कारकुनी केलेला माणूस. संस्थान गेलं, पुढे मध्य प्रदेश झाला, कचेऱ्या भोपाळला निघाल्या, तेव्हा भोपाळला जाण्यापेक्षा यांनी पेन्शन पत्करली. मग इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या दोन खोल्यांत त्यांनी आजारांचं वेळापत्रक आखून भिंतीला लावलं. सोमवारी टायफॉइड, मंगळवारी न्यूमोनिया, बुधवारी लकवा, गुरुवारी हाड, शुक्रवारी हृदय, शनिवारी ऑपरेशन. रविवारी ते ठणठणीत बरे होत आणि पोहे-जिलबी खायला बाहेर पडत.

आजार ते मन लावून करत. टायफॉइडच्या दिवशी यशोधराच्या आईने, द्वारकाबाईंनी, नुसती पेज द्यायची. लकव्याच्या दिवशी पोस्टमन रजिस्टर घेऊन आला तर त्याला सांगत, उजवा हात चालत नाही, उद्या या. पहिल्या महिन्यात शेजारी घाबरून मोसंबी घेऊन आले. खरं काय ते कळल्यावरही येत राहिले, कारण भेटीची वेळ चार ते सहा होती आणि त्या वेळात चहा मिळे. समोरचे श्रीकृष्ण भिया (इंदुरात भैयाचा भिया होतो) दारातूनच विचारत, "पंतजी, आज काय चाललंय? लकवा की निमोनिया?"

संध्याकाळी पंत, म्हणजे यशोधराचे अण्णा, लाल शाईने शेरा लिहीत. 'नर्सने अंग पुसले, परंतु काय करणार ते रोग्यास आधी सांगितले नाही. दहापैकी चार.' शिवाय ते सापळे लावत. मागच्या मंगळवारी ऐन न्यूमोनियात त्यांनी दाढ दुखते म्हणून कण्हायला सुरुवात केली. यशोधरा लवंग आणायला धावली आणि दोन गुण गमावून बसली. नर्सने विषय सोडू नये, असा शेरा पडला.

म्हणून त्या गुरुवारी ती सावध होती. पायाच्या दोन्ही अंगांना फळ्या लावल्या, मध्ये कापूस भरला, पट्टी गुंडाळली, बोटं गार पडली का, निळी पडली का, ते पाहिलं. तीनच्या सुमाराला अण्णा हळूच म्हणाले, "यशू, छातीत दुखतंय गं."

तिने वरही पाहिलं नाही. "अण्णा, आज पाय आहे. छाती उद्या."

अण्णा म्हणाले, "बरोबर."

तिने नाडी धरली. ती धावत होती, मध्येच अडखळत होती. यशोधराने घड्याळ लावून पुरं मिनिट मोजलं आणि तक्त्यात पाय मोडलेल्या माणसाला शोभेल असा आकडा लिहिला. त्या संध्याकाळी तिला दहापैकी आठ मिळाले. इतके कधीच मिळाले नव्हते. फळ्या सोडायला अण्णांनी नकार दिला. मोडलेला पाय कुणी रात्रीपुरता जोडून घेत नाही, म्हणाले.

शुक्रवारी उजाडता द्वारकाबाई चहा घेऊन गेल्या, तर ते गेलेले होते.

डॉक्टर आले. त्यांनी आधी फळ्या पाहिल्या आणि पाय कधी मोडला ते विचारलं.

"मोडलाच नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "काल गुरुवार होता."

डॉक्टर खुर्चीत बसले. बाहेर ओसरीवर वेगळाच वाद पेटला होता. यशोधराचे मामा, दिवाकर, म्हणत होते की फळ्या सोडून मग उचलावं. कुणी म्हणालं, माणसाने हट्टाने ठेवल्या, त्याची इच्छा मोडू नये. तेवढ्यात श्रीकृष्ण भिया वेळापत्रकापुढे जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांनी ऐकावं असं म्हणाले, "देखो. शुक्रवार, हृदय. माणूस गेला, पण टाइमटेबल नाही मोडलं भिया."

वाद तिथेच मिटला. फळ्यांसकट नेलं.

ही गोष्ट पार जुनी इंदूर मोहल्ल्यापर्यंत पोचली. तेरा दिवस लोक येत होते, वेळापत्रक वाचत होते, मान डोलवत होते. एकाने त्याची नक्कल उतरवून नेली. आणि द्वारकाबाई प्रत्येकाला सांगत, "कुणाला त्रास म्हणून दिला नाही. कुठे दुखतंय असं तोंडातून काढलं नाही. आपला दिवस आला तेव्हाच गेले." त्यांचं रडू या वाक्याशी येऊन थांबे. मागे उभी असलेली यशोधरा दर वेळी होकाराची मान हलवी. दोनदा तिने तोंड उघडलं. एकदा कुणीतरी पाणी मागितलं. दुसऱ्यांदा कुणी काहीच मागितलं नाही, तरी ती पाणी आणायला गेली.

प्रात्यक्षिक विसाव्या दिवशी होतं. खाटेवर कॉलेजचा एक धट्टाकट्टा चपराशी गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडला होता. परीक्षक बाईंनी चिठ्ठी उचलली. हृदय.

"रोगी म्हणतो छातीत दुखतं. काय कराल?"

"आधी त्याचं म्हणणं खरं मानीन," यशोधरा म्हणाली. मग एकेक सांगत गेली: हलू द्यायचं नाही, उशांना टेकवून बसवायचं, नाडी पाहायची आणि असेल तीच लिहायची, डॉक्टरांना ताबडतोब कळवायचं, एकटं सोडायचं नाही. चपराशी डोळे उघडून ऐकू लागला.

मागच्या वर्षी तर बोलत नव्हतात, कुणी शिकवलं, असं बाईंनी विचारलं. वडिलांनी, असं तिने सांगितलं. बाईंनी तिथल्या तिथे 'पास' लिहिलं.

घरी आल्यावर द्वारकाबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली. "बघ, तुला पास करून गेले. आणि स्वतः मात्र कुठे दुखतंय असं तोंडातून..."

या वेळी यशोधराने मान हलवली नाही. साखर मुठीत तशीच धरून ती आईच्या समोर बसली.

"काढलं होतं, आई. गुरुवारी तीन वाजता म्हणाले होते, छातीत दुखतंय. नाडी माझ्या हातात होती. मला कळलं होतं. आणि मी त्यांना उद्यापर्यंत थांबायला सांगितलं."