दोऱ्याचं कुरळं टोक

नेव्हिल टलकला जवळचं दिसेनासं झालं होतं, आणि हे त्याच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. रेविननं औषधांच्या दुकानातून चष्मा आणला, गळ्यात अडकवायला त्याला दोरी लावली, आणि वर बजावलं, "गाडीत ठेवलास तर याद राख." नेव्हनं तो गाडीतच ठेवला, पुढच्या कप्प्यात, सँडफ्लाय चावू नये म्हणून लावायच्या मलमाच्या नळीखाली. लांबचं त्याला अजून लख्ख दिसायचं. ओरेती नदीच्या पलीकडच्या काठाला दगडाच्या रंगाचा ट्राउट दगडाला चिकटून उभा असला, तरी हा इकडून सांगायचा, "तो बघा, शेपटी हलवतोय." आता पाण्याच्या तळाशी मासा दिसणाऱ्या माणसाला नाकासमोरची गाठ दिसत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? लम्सडेन गावातला, मासे धरायला नेणारा सगळ्यात पक्का वाटाड्या म्हणून लोक त्याला मागून घ्यायचे. अशी हवा एकदा डोक्यात गेली की साठी उलटली तरी उतरत नाही.

गळाच्या दोऱ्याच्या गाठी तो बोटांच्या सवयीवर बांधायचा. बांधली की थुंकीनं ओली करायची, ओढून बसवायची, मग एक हिसका देऊन बघायची. हिसका दिला की पाप नाही, असं तो स्वतःला सांगत आला होता.

त्या फेब्रुवारीत ट्रेवर आला. रॅनफर्लीकडचा मेंढरंवाला, दरवर्षीचं गिऱ्हाईक, तोंडानं फाटका पण मनानं बरा. या खेपेला दोन दिवसांसाठी थोरल्या बहिणीला घेऊन आला होता. ग्लेनिस तिचं नाव. साठावा वाढदिवस नदीवर करायचा, हे तिनं कुणी सांगून नाही, स्वतः ठरवलं होतं.

"डॅड याला न्यायचे मासे धरायला," गाडीत ती नेव्हला म्हणाली. "मी काठावर बसून सँडविचं राखायची."

"तुझे हात जड, म्हणायचे डॅड," मागून ट्रेवर म्हणाला.

"मेंढरं कातरताना नाही कुणी म्हणालं जड!"

"मेंढरू पळून जात नाही ना, ग्लेन. तू त्याच्यावर बसलेली असतेस."

नेव्हला हसू आवरेना. तीही हसली, पण हसताना तिनं आपल्या हातांकडे एकदा पाहिलं. मोठे, खरबरीत हात होते. नेव्हला ती बाई आवडली.

"बाकी एक लक्षात ठेव," ट्रेवर म्हणाला, "नेव्हची गाठ सुटत नाही. मासा गेला तर तुझ्यामुळे गेला."

नेव्हनं नुसता गिअर बदलला. खरं तर त्याला ते ऐकून बरं वाटलं.

नदीवर त्यानं तिला गळाला बांधलेल्या दोन खोट्या माश्यांची जोडी लावून दिली. वर तरंगती माशी, हरणाच्या केसांची, फुगीर. तिच्या गळाच्या बाकाला हातभर बारीक दोरा, आणि त्या दोऱ्याच्या टोकाला निंफ, पाण्यातल्या अळीचं सोंग, पितळी मण्याच्या वजनानं बुडणारं. "वरची खालचीची चुगली करते," नेव्हनं समजावलं. "वरची दबली, थबकली, जरा जरी वेडीवाकडी वागली, की समजायचं खालची कुणाच्या तरी तोंडात आहे. विचार करत बसायचं नाही. काठी वर!"

"चहाड्या ओळखायला मला शिकवू नका. मी रॅनफर्लीसारख्या लहान गावात राहते," ग्लेनिस म्हणाली.

आणि तिला जमत होतं. फेक साधी, पण माशी हलकी पडायची. जड हात म्हणे! नेव्हनं ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांत इतकं ऐकणारं माणूस क्वचितच होतं. ट्रेवर खालच्या वळणावर गेला होता, त्यामुळे टोमण्यांनाही सुट्टी होती.

मग विलोच्या झाडांच्या सावलीत नेव्हला तो दिसला. एवढा मोठा तपकिरी ट्राउट त्या हंगामात त्यानं पाहिला नव्हता. मधल्या पाण्यात उभा राहून डावीउजवीकडे सरकत खात होता. ग्लेनिसनं माशी सोडली, मासा निंफजवळ आला, नुसता वास घेतल्यासारखं करून परत गेला. पुन्हा सोडली, पुन्हा तेच.

"निंफ बदलू," नेव्ह कुजबुजला. "लहान लावतो."

लहान निंफ म्हणजे लहान नेढं. गळाच्या त्या नेढ्यात दोरा ओवायला त्याला जाम वेळ लागला. उत्तरेचा वारा सुटलेला, दोरा बोटांत थरथरत होता, आणि समोर फक्त धूसर. चष्मा गाडीत. गाडी कुरणापलीकडे. ग्लेनिस माशावरून नजर न काढता विचारत होती, "आहे ना तो? गेला नाही ना?" आणि त्याच वेळी मागून ट्रेवर आला. "काय नेव्ह, स्वेटर विणतोयस का?"

नेव्हनं पीळ दिले, टोक फासातून घातलं, निदान घातलं असं त्याला वाटलं, आणि ओढलं. गाठ गुळगुळीत बसली. जरा जास्तच गुळगुळीत. त्याच्या बोटांना ते कळलं, हे पुढं तो कधी नाकारू शकला नाही. पण पुन्हा बांधायची म्हणजे ट्रेवरसमोर पुन्हा ते चाचपडणं. त्यानं हिसका दिला नाही. "सोडा," म्हणाला.

ग्लेनिसनं सोडली. वरची माशी तरंगत आली आणि कुणीतरी खालून बोट लावून खेचावं तशी गुडुप झाली. काठी वर गेली. रीळ किंचाळलं.

"पळू द्या त्याला! रिळाला हात लावू नका!"

तिनं लावला नाही. मासा धावला तेव्हा तिनं धावू दिलं, थांबला तेव्हा गुंडाळलं, खडकाकडे वळला तेव्हा काठी आडवी करून त्याला फिरवलं. सांगितलेलं सगळं तिनं केलं, आणि न सांगितलेलंही. माशाचं पिवळं पोट एकदा पाण्यावर चमकलं. नेव्ह जाळी घेऊन मांडीभर पाण्यात उतरला होता. आणि वाकलेली काठी एकदम सरळ झाली.

दोरा आधी नेव्हच्याच हाताला लागला. वरची माशी शाबूत होती. तिच्याखाली हातभर दोरा लोंबत होता, आणि निंफ नव्हती. टोक त्यानं आभाळाकडे धरलं, हात लांब करून, आणि तेव्हा त्याला दिसलं. टोक कुरळं होतं.

दोरा तुटला तर टोक सरळ राहतं. गाठ घसरून सुटली तर ते डुकराच्या शेपटीसारखं वळतं. त्या नदीवर कुणालाही विचारा, कुरळं टोक म्हणजे बांधणाऱ्याची चूक. त्यात वाद नाही.

नेव्हनं ते टोक तोंडात घातलं आणि दातांनी तोडून थुंकून टाकलं.

"तुटला," तो म्हणाला. "ओढ जास्त झाली. शेवटी रिळाला हात लागला असेल तुमचा."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची शिसारी आली. पण पडले ते पडले.

"लागला का?" ग्लेनिसनं हात पुढे धरून बघितले. "मला वाटलं... मी नव्हता लावला असं वाटलं मला. लागलाच असेल. सॉरी, नेव्हिल. तुम्ही इतका छान शोधून दिला होतात."

"असू दे. होतं असं."

"खरंच सॉरी हं."

"असू दे हो, ग्लेनिस."

"डॅड काय उगीच म्हणायचे?" ट्रेवर काठावरून ओरडला. "कुदळीचे हात!"

ग्लेनिस हसली. मग तिनं काठी भावाच्या हातात दिली आणि जेवणाची पिशवी स्वतःकडे घेतली. नेव्हनं दोनदा म्हटलं, घ्या, अजून दिवस आहे. "नको," ती म्हणाली, "तुमचे मासे घालवायचे म्हणजे जिवावर येतं." दुपारी तिनं चीझ रोल वाटले, थर्मासमधला चहा ओतला, ट्रेवरनं मासा काढला की टाळ्या वाजवल्या. काठावर बसून सँडविचं राखली म्हणा ना.

संध्याकाळी पबमध्ये ग्लेनिस त्याच्यासाठी बिअर घेऊन आली. "माझ्याकडून. आजच्याबद्दल." नेव्हला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी त्यानं ती घेतली.

आणि ट्रेवरला श्रोते मिळाले होते. लोकर कातरणारे, ट्रकवाले, दुकानदार, सगळा लम्सडेन. त्यानं मासा हातांनी दाखवला, मग अजून मोठा करून दाखवला. "मोठ्यानं सांग!" मागचे ओरडले, तसा तो खुर्चीवरच चढला. "नेव्ह ओरडतोय, रिळाला हात लावू नका! आणि आमच्या बाईसाहेब, मेंढी पळाली की काय अशा, दोन्ही हातांनी!" सगळा पब खदखदला. ग्लेनिस डोळे पुसत हसत होती. एकानं विचारलं, "नेव्ह, खरं का रे?" आणि नेव्ह, तोही हसला. मान हलवली. तिनं विकत घेतलेली बिअर हातात धरून मान हलवली त्यानं.

घरी रेविननं ताट वाढलं. "चष्मा घातलास?"

"एकच धोशा काय लावलायस सकाळ-संध्याकाळ!"

रेविननं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि मटणाचं ताट तसंच ठेवून नेव्ह मागच्या पडवीत जाऊन बसला.

सकाळी गाडीत ग्लेनिसनं विणकाम आणलं होतं. "मी आज काठावरच बसणार. मजेत बसते, काळजी नका करू."

नदीशी आल्यावर नेव्हनं पुढचा कप्पा उघडला, मलमाची नळी बाजूला केली आणि चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. दोरी गळ्यात लोंबायला लागली.

"अगं बाई गं!" ट्रेवरनं टाळी वाजवली. "ग्रंथालयातल्या मावशी आल्या!"

"कालचा मासा ग्लेनिसनं नाही घालवला," नेव्ह म्हणाला. "गाठ सुटली. माझी गाठ. मला जवळचं दिसत नाही. रिळाला तिनं बोटसुद्धा लावलं नव्हतं."

ट्रेवरनं नेव्हच्या पाठीवर थाप मारली. "वा रे वा, सज्जन माणूस! ग्लेन, बघ, तुला वाईट वाटू नये म्हणून चष्मा लावून नाटक करतोय."

"फार चांगले आहात तुम्ही," ग्लेनिस हळूच म्हणाली. "पण खरंच गरज नाही हो. मला माहितेय माझे हात कसे आहेत."

खरं बोलल्यावर निदान शिव्या तरी मिळतील अशी नेव्हची समजूत होती. इथं उलट त्याचा चांगुलपणा वाढत चालला होता. आणि पुरावा? पुरावा त्यानं काल थुंकून टाकला होता.

त्यानं चष्मा काढला. डबीतून लहान निंफ घेतली, चाचपडत दोरा ओवला, कालच्यासारखीच गाठ बांधली, टोक फासाबाहेर राहू दिलं. निंफ त्यानं आपल्या टोपीत अडकवली आणि दोरा ग्लेनिसच्या हातात दिला.

"ओढा. हळूच."

तिनं ओढला. दोरा सुळकन सुटून आला. टोक तिच्या तळहातावर वळून पडलं.

"कालचं टोक असंच होतं," नेव्ह म्हणाला. "तुम्ही बघाल म्हणून मी ते दातांनी तोडलं."

ट्रेवरनं ते टोक पाहिलं. टोकाचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही.

ग्लेनिसनं टोक बोटानं सरळ केलं. ते पुन्हा वळलं. तिनं पुन्हा सरळ केलं.

"तुम्ही तोंडात काहीतरी घातलंत ते मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, सवय असेल." तिनं टोक मुठीत मिटलं. "काल मी तुमची माफी मागितली, नेव्हिल."

"हो."

"आणि तुम्ही मला माफ केलंत."

नेव्हला वाटलं, नदीनं आत्ता आपल्याला उचलून न्यावं. "चुकलो मी," तो म्हणाला. "लाज वाटते मला."

"वाटू दे," ग्लेनिस म्हणाली. विणकाम गाडीत टाकून तिनं काठी घेतली. "आज गाठी मी बांधणार. दाखवा कशी ते. आणि चष्मा घाला."

दिवसभर तिनं स्वतःच्या गाठी स्वतः बांधल्या, प्रत्येक गाठीला हिसका दिला, आणि दुपारनंतर एक मासा जाळीत घेतला. कालचा नव्हे, त्याच्या निम्मासुद्धा नव्हे. पाण्यात धरून तिनं तो सोडला. ट्रेवर काही बोलला नाही, आणि ट्रेवरनं काही न बोलणं ही लहान गोष्ट नव्हती. चीझ रोलही आज त्यानंच वाटले.

परतताना गाडी भावंडं उतरली होती त्या मोटेलकडे वळायला लागली तशी ग्लेनिस म्हणाली, "पबकडे घ्या."

कालचेच सगळे होते. ट्रेवरला बघून दोघंतिघं ओरडले, "आज काय घालवलं रे तुझ्या बहिणीनं?" ट्रेवरनं नेव्हकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. ग्लेनिसनं कालची तीच खुर्ची ओढून मध्ये ठेवली, आणि स्वतः समोरच्या बाकावर बसली. ते मोठे हात तिनं टेबलावर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

नेव्ह खुर्चीवर चढला नाही. खुर्चीची पाठ धरून तो उभा राहिला, छातीवर दोरीला चष्मा लोंबत होता.

"कालची ती गाठ..." तो म्हणाला. "गाठ माझी सुटली. मी खोटं बोललो."

कोपऱ्यात कुणीतरी हसत होतं, ग्लास आपटत होते. जवळच्या दोघांनी माना वळवल्या.

ग्लेनिस त्याच्याकडे बघत होती. "मोठ्यानं सांगा, नेव्हिल," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."