जगनदादांची पत्नी

खारघरच्या त्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीत आभाताईंच्या प्रार्थनेचं मोठं प्रस्थ होतं. रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचं काम त्यांच्याकडे. हातात कागद न धरता, डोळे मिटून, त्या एकेकाला देवापुढे उभं करत. कुणाचा गुडघा, कुणाची नणंद, कुणाच्या मुलाचा व्हिसा, काही म्हणता काही सुटत नसे. पाळक दीनानाथ कौतुकाने म्हणत, "एक वेळ देव विसरेल, आभाताई विसरायच्या नाहीत." पाळकांनी असं बोलू नये खरं, पण ते बोलायचे आणि आभाताईंना ते आवडायचंही.

सगळ्यात शेवटी, आमेनच्या अगदी तोंडाशी, त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "आणि प्रभू, जगनदादांच्या पत्नीला तुझ्या हाताचा स्पर्श होऊ दे."

जगनदादा मंडळीतले नव्हते. मिठाईच्या दुकानावरचा हॉल मंडळीने रविवारपुरता भाड्याने घेतला होता. त्याचं शटर उघडायचं, खुर्च्या मांडायच्या, उपासना आटोपली की त्या उचलायच्या, हे सगळं ओवे गावचे जगनदादा करत. मधला वेळ ते दाराबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसून काढत. उन्हाळ्यात त्यांनीच एकदा दबकत विचारलं होतं, "ताई, बायको पनवेलच्या दवाखान्यात हाय माझी. तुमी देवाला एवढ्यांचं सांगता, तिचंबी सांगाल काय?" आभाताईंना भरून आलं होतं. तेव्हापासून एकही रविवार चुकला नव्हता. निघताना त्या आवर्जून विचारत, "पत्नी कशा आहेत?" जगनदादा खुर्चीवर खुर्ची चढवत म्हणत, "बरी हाय." आभाताई मनात देवाचे आभार मानून जिना उतरत.

दिवाळीनंतर मंडळीचा उपकारस्तुतीचा सण आला. त्या दिवशी लोक घरचा नारळ, भोपळा, तांदूळ घेऊन येतात, त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि वर्षभरात देवाने काय केलं याची साक्ष देतात. आभाताईंच्या डोक्यात आलं, यंदा जगनदादांच्या बऱ्या झालेल्या पत्नीलाच पुढे उभं करायचं. पाळकही खूश झाले. "जिवंत साक्ष!" ते म्हणाले. जगनदादांना विचारायचं काही कुणाला सुचलं नाही. शनिवारी संध्याकाळी आभाताई एक साडी आणि करंज्यांचा डबा घेऊन परस्परच ओव्याला गेल्या. एवढ्या वर्षांत आपल्या टॉवरच्या खिडकीतून रोज दिसणाऱ्या त्या गावात त्यांनी पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं.

दार जगनदादांच्या मुलीने, दिपिकाने उघडलं. साडीची पिशवी तिच्या हातात देत आभाताई हसून म्हणाल्या, "आईला बोलाव गं. तिला उद्या आमच्याकडे न्यायला आलेय."

दिपिकाने पिशवी धरली नाही. ती नुसती बाजूला झाली. समोरच्या भिंतीवर एका बाईचा फोटो होता आणि त्याला हार घातलेला होता.

"आई श्रावणातच गेली, मावशी," ती म्हणाली. "बाबांनी नाय सांगितलं?"

श्रावण. आभाताईंना आठवलं. श्रावणातल्याच एका रविवारी जगनदादा डोक्याचा पूर्ण गोटा करून स्टुलावर बसले होते. मुलगा नसल्यामुळे अग्नी त्यांनीच दिला असणार. आणि त्यांना बघून आभाताई सगळ्यांदेखत हसून म्हणाल्या होत्या, "काय जगनदादा, तिरुपतीला जाऊन आलात वाटतं?" जगनदादा मान हलवून "हां" म्हणाले होते. मग आभाताईंनी आत जाऊन, डोळे मिटून, त्यांच्या पत्नीच्या आरोग्यासाठी प्रार्थना केली होती. लाज वाटली म्हणणं कमीच पडेल. त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं.

पण आतून जगनदादा बाहेर आले होते. त्यांनी खुर्ची पुढे केली, मुलीला चहा ठेवायला सांगितला.

"दादा, मला सांगायचं तरी..."

"सांगनार होतो ताई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पन तुमी एक पाय चपलेत घालून इचारायच्या. तेवढ्यात काय सांगायचं? आनि मग वाटलं, र्‍हाऊ दे. तिचा विषय आता कोन काढत नाय. रविवारी मी भायेर बसून ऐकायचो. वाटायचं, कोनासाठी तरी अजून ती हाय."

चहा आला. कुणीच कप उचलला नाही.

"भामाला लय भरवसा होता तुमचा," जगनदादा फोटोकडे बघत म्हणाले. "दवाखान्यात दर रविवारी वाट बघायची. मी गेल्या गेल्या इचारायची, आज माझं नाव घेतलं का त्यांनी?"

"मग?"

"मी सांगायचो, घेतलं."

आभाताईंनी मान खाली घातली. भामा. हे नाव त्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होत्या.

रात्री त्यांनी पाळकांना फोन केला. दीनानाथ हळहळले, मग घसा साफ करून म्हणाले, "मृतांसाठी आपण प्रार्थना करत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सणाचा दिवस आहे, उद्या नको काही. मागाहून शोक कळवू. ते वाक्य तेवढं गाळा." ते काही चुकीचं सांगत नव्हते. त्यांच्या शिकवणीत ते बसतच होतं. गाळणं किती सोपं होतं, हेच आभाताईंना सोसत नव्हतं.

रविवारी हॉल नारळ-भोपळ्यांनी भरला होता. आभाताई पुढे आल्या, डोळे मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा अडखळल्या. गुडघा राहिला, नणंद राहिली. शेवटच्या वाक्यापाशी त्या थांबल्या, आणि त्यांनी डोळे उघडले. दाराबाहेर स्टुलाचा एक पाय आणि जगनदादांचा गुडघा दिसत होता. इतके महिने इथूनच तो दिसत असणार.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "जिला आम्ही जगनदादांची पत्नी म्हणायचो, तिचं नाव भामा. ती श्रावणात गेली. तिचा नवरा मुंडण करून आमच्या दारात बसला होता, आणि मी त्याची थट्टा केली. भामाने आमची वाट पाहिली. आम्हाला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं."

पुढे त्यांना बोलवेना. हॉलमध्ये एकेक डोळा उघडत गेला. आमेन शेवटी पाळकांनी म्हटलं, तेही पुटपुटत.

मग लिलाव झाला, प्रसन्न चेहऱ्याने साक्षी झाल्या, लोक जिना उतरून गेले. आभाताई अनवाणीच दारात उभ्या राहिल्या. जगनदादा आत येऊन खुर्चीवर खुर्ची चढवू लागले होते. त्यांचे डोळे लाल होते.

"दादा, ऐकलंत ना?"

"ऐकलं ताई. आज खरंच नाव घेतलंत." हातातली खुर्ची त्यांनी तशीच धरून ठेवली. "पन आता जाऊन सांगू कोनाला?"