राजाच्या नावाला तेल

काचेच्या पेल्यात चमचा किणकिणत होता. हाजी मुतइब चहात विरघळून गेलेली साखर पुन्हा ढवळत होते.

"पोरीचं रक्त तर द्यायचंय, नजला. एक सुई टोचणार. त्यात तुझा का जीव जातोय?"

नजला रोटीचे तुकडे करत राहिली. गावाबाहेरचा खड्डा उघडला होता. काळ्या झेंडेवाल्या बंदूकधाऱ्यांनी उचलून नेलेली माणसं त्यात असावीत. घरच्यांचं रक्त जुळलं की हाडांना नाव मिळणार होतं. पण जुळेपर्यंत तिचा नवरा, खलफ, कुठंतरी होता. त्या 'कुठंतरी'वरच तिनं सहा वर्षं काढली होती.

"आणि तुम्ही खणायला जाणार?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"मग? आपल्या शर्कातच्या खणणाऱ्यांशिवाय इथल्या जमिनीनं कधी तोंड उघडलंय? शहरातून आलेल्या त्या पोरांना माती आणि कच्ची वीट यातला फरक कळत नाही. हाडं काय हाताळणार, डोंबल!" म्हातारा हसला आणि त्यानं पेला बशीवर ठेवला.

खलफही बापावरच गेला होता, जमिनीखालची जुनी शहरं खणणारा. सुरीच्या टोकाला माती कशी लागते, त्यावरून भिंत ओळखायचा. त्याला नेलं त्या वर्षीच्या वसंतात एका जुन्या तटात त्याला अक्षरांनी भरलेला मातीचा ठोकळा सापडला. जुनी लिपी जाणणाऱ्या पंडितानं वाचून सांगितलं: राजा म्हणतो, हा तट कधीतरी पडेल. ज्याला माझं नाव सापडेल त्यानं त्याला तेल लावावं, जागच्या जागी ठेवावं. देव त्याचं ऐकतील.

खलफ धावतच घरी आला होता. "वाटीभर तिळाचं तेल दे, पटकन!"

"मेलेल्या राजाला तेल? आणि पोरीच्या डोक्याला काय लावू, तुमचं कौतुक?" तिनं बाटली पाठीमागे लपवली होती. तो हसत रिकाम्या हातांनी परतला. ठोकळा पेटीत बंद होऊन राजधानीला गेला. त्याच वर्षी हिवाळ्यात खलफला न्यायला झेंडेवाल्यांची माणसं आली.

तेल नाकारलं म्हणून तो गेला, असल्या गोष्टी मानू नयेत, हे तिला कळत होतं. तरी बाटलीचं बूच काढताना रोज हात अडायचा.

ती उठली. फळीवरची बाटली सासऱ्यांपुढे ठेवली. "खड्ड्यावर ही न्या."

हाजींनी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मला सांगितलं होतं त्यानं, त्या दिवशीच्या तेलाचं. म्हणाला, बाबा, माझी बायको राजापेक्षा कडक आहे." त्यांनी बाटली सुरी आणि कुंचल्याशेजारी पिशवीत ठेवली. रडू फुटू नये म्हणून नजलानं लेकीला, दुहाला, जवळ ओढलं आणि तिची बाही वर सारली. "चल. थोडंसं दुखेल."

सात वर्षांच्या दुहाला आजोबांकडून राजाची गोष्ट तोंडपाठ होती. ती पिशवीकडे बघत म्हणाली, "आई, तेल लावून झालं की जागच्या जागी ठेवायचं असतं ना? मग बाबांना घरी आणायचं?"