शेपटीखालचे चाक

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे, ताटलीपेक्षा जरासे मोठे. शहाद्याच्या अलीकडे, तापीकाठच्या केळीबागांमध्ये एक लहान धावपट्टी आहे. तिथल्या दोन आसनी शिकाऊ विमानाच्या शेपटीखाली मी अठरा वर्षे आहे. हल्लीच्या बहुतेक विमानांचे तिसरे चाक नाकाखाली असते. माझ्यासारखी आता थोडीच उरली.

कारखान्यात मला पोलादी पट्टीला जोडले, तेव्हा मला वाटले, आपण नुसता टेकू. खरी गोष्ट इथे कळली. आमचे वजन पुढच्या दोन मोठ्या चाकांच्या मागे असते. जमिनीवर पळताना ते मागचे वजन पुढे जायला बघते. नाक बोटभर वाकडे झाले, की पुढच्या क्षणी हातभर होते. कोणी ढकलत नाही, तरी वाढतच जाते. हजारो वेळा उतरले, पण याचे नवल अजून सरलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात रुचिका शिकायला आली. जवळच्याच गावातली, शेतकऱ्याची मुलगी. हवेत तिचा हात इतका हलका, की मागे बसलेले इंद्रसिंग सर गप्प असत. एकटीने उडायला एकच चांगले उतरणे बाकी होते.

त्या दुपारी तोरणमाळकडून, आमच्या डावीकडून, वारा सुटला होता. आम्ही तिन्ही चाके एकदम टेकलो आणि रुचिकाचे पाय सैल पडले. सुकाणूच्या तारांतून मला ते कळले. नाक डावीकडे सरकले. तिने उजव्या पायपट्टीवर चवडा जोरात दाबला. पायपट्टी नुसती ढकलली की सुकाणू वळते, पण वरच्या टोकावर चवडा दाबला की त्या बाजूचा ब्रेक लागतो. तो लागला आणि केळी, धावपट्टी, सातपुडा सारे गरकन फिरले. मी आडवे फरफटले, माझी पट्टी वाकली, डाव्या पंखाचे टोक घासले. धूळ बसली तेव्हा आम्ही उलट तोंडाने उभे होतो.

"लागलं का कुठे?" सरांनी विचारले.

"नाही, सर."

"मग पाय काय करत होते, ते सांग."

"आठवत नाही."

"आठवेपर्यंत एकटीला सोडणार नाही."

मेकॅनिक पितांबर माझी पट्टी काढायला बसला. रुचिका शेजारी उकिडवी बसली.

"ताई, घर ट्रॅक्टर कोन चालाडस?"

"मीच चालाडस, काका."

"वावरना कोपरावर कशी वळाडस?"

"एक बाजूना ब्रेक दाबीसन..." ती थांबली. आपल्या उजव्या बुटाकडे पाहत राहिली.

"हाई विमान शे, ताई. मांगे नांगर लायेल नही शे."

ती हसली, आणि उठून थेट सरांकडे गेली.

पट्टी बदलल्यावर आठ दिवस सरांनी तिला उडूच दिले नाही. चवडे ब्रेकवर जाऊ नयेत म्हणून टाचा तळाला टेकवून जमिनीवर नुसते सरळ पळायला लावले. मग पुन्हा बरोबर बसून उतरवले. एके दिवशी सर खाली उतरले आणि म्हणाले, "जा."

ती एकटी उडाली, एकटी उतरली. वारा तसाच होता. नाक सरकले. उजवा पाय, डावा, पुन्हा उजवा, चिमटीएवढ्या हालचाली. सातशे किलोंचे विमान तेवढ्याने सरळ राहिले. मी थक्क होऊन तिच्या मागे पळत होते.

इंजिन बंद झाले, तरी तिचे पाय पायपट्ट्यांवर तसेच होते. सर जवळ आले. "रुचिका, थांबलंय विमान."

"माहीत आहे, सर. अजून थोडा वेळ."

मित्रांनो, जमिनीला टेकणे आणि थांबणे यांच्यात थोडे अंतर असते. माझ्यासारख्यांची मोडतोड तिथेच होते. तेवढे अंतर जागेपणाने सांभाळा, एवढीच माझी विनंती.