ब्रेकची कवळी

जुनी गाडी घ्यायची ठरली तेव्हा आमच्या यांनी दोन अटी घातल्या. पैसे रोख द्यायचे आणि कर्ज काढायचं नाही. दोन्ही अटी एकच आहेत हे मी दाखवून दिलं, तर म्हणाले, "म्हणूनच दोनदा सांगतोय." पहिल्या गाडीच्या विम्याचे आलेले पैसे आणि आमची थोडीफार शिल्लक मी गरम पाण्याच्या पिशवीच्या लोकरी कव्हरात भरली, ते कव्हर पर्समध्ये कोंबलं, आणि आम्ही दर रविवारी गाड्या बघत हिंडायला लागलो.

आम्ही म्हणजे तिघं. मी, हे, आणि माझे धाकटे दीर. भाऊजींना गाड्यांतलं सगळं कळतं, असं भाऊजी सांगतात. गाडीजवळ गेले की आधी टायरला लाथ मारतात, मग बॉनेट उघडून मान हलवत बसतात. विकणारा घाबरतो, एवढा त्यांचा उपयोग होतो.

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, पुढचं सगळं हे आमच्या मागच्या खोलीत बसून करतात. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, एक छोटा स्पिरिटचा दिवा, आणि हिरड्यांच्या रंगाच्या पावडरचे डबे. हिशेब आणि फोन माझ्याकडे. तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायला आम्ही दोघं गाडीने जायचो. हे चालवायचे. मी शेजारच्या सीटवर चपला काढून मांडी घालून बसायचे, मांडीवर कवळ्यांचा डबा. "पाय खाली घे, सीट खराब होते," हे रोजचं. मी रोज ऐकायचे आणि रोज मांडी घालायचे. मग हे गुणगुणायला लागायचे, तेही बेसूर. घरात आम्ही कामापुरतं बोलतो. आमच्या खऱ्या गप्पा त्या गाडीतच व्हायच्या.

मागच्या वर्षी पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात एक टेम्पो आडवा आला. चूक टेम्पोवाल्याची होती, बघणाऱ्या सगळ्यांनी तसंच सांगितलं. गाडी भंगारात गेली. माझं मनगट मोडलं, ते पट्टी घालून जोडलं; गारठ्यात थोडं कुरकुरतं, बाकी स्वयंपाक, भांडी, भांडण सगळं करता येतं. यांना साधं खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून हे स्टिअरिंगला शिवले नाहीत. कवळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसने जायला लागले. मी घरीच राहू लागले, कारण एका डब्यासाठी दोन तिकिटं कशाला.

आमची लेक डोंगरापलीकडच्या गावात असते. तिला मुलगी झाली. तिकडे जायचं तर दोन बस बदलायच्या, आणि दुसरी येईलच असं नाही. मी एकटी जाऊन आले. हे कामाचं निमित्त काढून मागे राहिले. नातीला फोनवर बघायचे आणि म्हणायचे, "तिला दात येऊ दे, मग माझं काम." फोन ठेवला की मात्र बराच वेळ नुसते बसून राहायचे. गाडी घ्यायला हे तयार झाले ते त्या पोरीमुळे. आणि मला विचाराल तर मला गाडी नकोच होती. गाडी चालवणारा, बेसूर गाणारा माझा माणूस मला परत हवा होता.

पण यांच्या मनाला एकही गाडी येईना. पहिला विक्रेता चांगला हसतमुख होता. बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "त्याचे पुढचे दोन दात खोटे आहेत."

"मग? खोट्या दातांवरच आपलं घर चालतं."

"चालतं. म्हणून तर ओळखता येतात."

दुसरी गाडी एका प्राध्यापकांची. आत काडीचा कचरा नाही, सीटवर डाग नाही. तिला वास येतो म्हणाले. कसला, विचारलं, तर म्हणाले, "फारच स्वच्छ वास आहे." तिसरीचा क्लच जड आहे म्हणाले. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. क्लच जड हे यांना कळलं कसं? प्रत्येक वेळी गाडी चालवून बघायचे भाऊजी. हे मागच्या सीटवर खिडकीला चिकटून बसायचे.

घरी आल्यावर माझा पारा चढला. मी मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. "तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये," मी म्हणाले. "तसं सांगा ना. भाऊजींचे रविवार कशाला फुकट घालवताय? बिचाऱ्यांचा लाथा मारून पाय दुखत असेल."

हे हातातल्या जबड्यावरचं मेण खरवडत राहिले.  शेवटी म्हणाले, "बघू अजून एखादी."

ती अजून एखादी भाऊजींनीच शोधली. एका ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती. चालवणाऱ्या मास्तरीणबाईंचे गुडघे गेले म्हणून त्या स्कूल बंद करत होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी. बॉनेटवर नवशिक्यांनी खाल्लेले टोले, छतावर पाटी काढल्याच्या खुणा. मागच्या काचेवर 'शिकाऊ' ही अक्षरं खरवडली होती, तरी वाचता येत होती. मास्तरीणबाई खुर्चीत बसून चहा पीत होत्या. भाऊजींनी सवयीने टायरला लाथ घातली.

"गाडी माझ्याकडे शिकलात का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"तेच म्हटलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कप खाली ठेवला.

शिकवायच्या गाडीत चालकाच्या शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच असतात, शिकवणाऱ्यासाठी. भाऊजींना घासाघीस करायला आयतंच कोलीत मिळालं. "हे जादा पेडल काढून घ्यावे लागतील," ते म्हणाले. "माझा मेकॅनिक काढेल, पण त्याचा खर्च किमतीतून कमी करा. शिवाय शिकाऊ पोरांनी गिअर कुस्करलेत, त्याचे वेगळे. टोल्यांचे वेगळे." भाऊजींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की विकणाराच पैसे देऊन मोकळा होईल असं वाटतं. बाई शांतपणे ऐकत होत्या.

हे कुठे गेले म्हणून मी बघितलं. हे शेजारच्या सीटचं दार उघडून जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. डोकं आत. तो जादा ब्रेक हाताने दाबत होते, सोडत होते, परत दाबत होते.

"मागचा दिवा लागतोय का बघ गं," ते म्हणाले.

मी मागे जाऊन बघितलं. लागत होता.

"काढायचा नाही तो ब्रेक," हे आतून म्हणाले.

"दादा, मी बोलतोय ना," भाऊजी दात आवळून म्हणाले आणि डोळ्यांनी खुणा करायला लागले.

"बोल तू. पण काढायचा नाही."

"काढायचा नसेल तर खर्चही नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "किंमत आहे तीच."

भाऊजींनी टायरला आणखी एक लाथ घातली. सगळी मेहनत सख्ख्या भावानेच पाण्यात घातली होती. मीही जराशी वैतागलेच. पण हे मला म्हणाले, "ये. बस इथे."

मी बसले.

"पाय ठेव ब्रेकवर."

पाय पोचेना. उंचीच्या बाबतीत माझ्या वाट्याला थोडं कमीच आलंय. सीट पुढे ओढली तरी अंगठाच टेकत होता. यांनी माझा घोटा धरून पाय पेडलसमोर आणला आणि मधलं अंतर अंगठ्याने मापलं. कवळीला किती जागा उरली ते बघतात, तसंच. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी तू पाय आपटलेस."

"कधी?"

"चौकात. टेम्पो दिसला तेव्हा. मांडी मोडून दोन्ही पाय खाली आपटलेस. मी ब्रेक दाबतच होतो. पण तुझ्या पायांचा आवाज आला." घोटा अजून हातातच होता. "खाली नुसता पत्रा. तुझ्याकडे दाबायला काहीच नव्हतं गं. सगळं माझ्याच पायात होतं. तो आवाज अजून येतो. स्टिअरिंगवर हात ठेवायचा म्हटलं की येतो."

मला काहीच आठवत नव्हतं. मला आठवत होत्या त्या फुटलेल्या डब्यातून रस्ताभर पसरलेल्या कवळ्या, आणि त्या वेचायला धावलेले लोक. पाय आपटल्याचं खरंच आठवत नव्हतं. वर्षभर मी समजत होते, या माणसाला स्वतःच्या जिवाची भीती बसलीय. भीती माझ्यासाठी होती, आणि ती एकट्याने बसमध्ये मांडीवर घेऊन हा माणूस हिंडत होता. मला इतकी माया आली की चारचौघांत काय करावं कळेना. मी त्यांच्या केसांत अडकलेला शेडमधला कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा काढला आणि म्हणाले, "उठा. गुडघे दुखतील."

मग भाऊजींना काही सुचायच्या आत मी पर्समधून लोकरी कव्हर काढून बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडून बघितलं, आत हात घातला आणि विचारलं, "कुणी विणलं हो? टाके सुरेख आहेत." मी विणलं म्हटल्यावर पैसे काढून घेऊन कव्हर घडी करून मला परत दिलं. किल्ली यांच्या हातात ठेवताना म्हणाल्या, "तो ब्रेक मला फारसा दाबावा लागला नाही. शेजारी कुणाचा तरी पाय आहे एवढं कळलं की पोरं नीट चालवायची."

यांनी किल्ली भाऊजींकडे दिली. गाडी भाऊजींनीच घरी आणली. वाटेत हे मागच्या सीटवरून एवढंच म्हणाले, "बाईंचे सगळे दात स्वतःचे आहेत."

त्या संध्याकाळी हे मेण मऊ करून गाडीत शिरले आणि त्यांनी ब्रेकच्या पेडलचं माप घेतलं. मग प्लास्टरचा साचा केला. बाकीचे जबडे टेबलाच्या एका कडेला सरकवले गेले. दवाखान्यातून फोन यायचे, अमक्यांची कवळी झाली का, तमक्यांची कुठवर आली. मी ताकास तूर लागू न देता सांगायचे, "एका रुग्णाचं तातडीचं काम आलंय." हे साचा भरत होते, शिजवत होते, घासत होते. मला बोलावून गाडीत बसवायचे, पाय ठेवायला लावायचे, उठवायचे, आणि पुन्हा घासायला घ्यायचे. इतक्या वर्षांत यांनी माझ्यासाठी कधी काही दागिना बनवला नाही, कारण हे सोनार नव्हेत. जे येतं ते बनवलं. शेवटी पेडलवर एक जाडजूड तुकडा घट्ट बसला, मागे दोन स्क्रूंनी आवळलेला, पाय घसरू नये म्हणून वर रेघा कोरलेल्या. रंग अर्थात गुलाबी. यांच्याकडे दुसरी पावडरच नाही.

भाऊजी वाकून बघत म्हणाले, "दादाने ब्रेकला कवळी बसवली. आता दातही लाव."

"टोचतील तिला," हे म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही लेकीकडे निघालो. हे चालकाच्या सीटवर बसले, आरसा नीट केला, पट्टा लावला, आणि मग किल्लीला हात लावून नुसते बसून राहिले. मी पाय गुलाबी तुकड्यावर ठेवला. खिडकीबाहेर शेजारणीचे कपडे वाळत घालून झाले. मग यांनी किल्ली फिरवली.

"पाय आहे ना?"

"आहे."

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गल्ली ओलांडून मोठ्या रस्त्याला लागली. मागचे लोक हॉर्न मारत होते. यांच्या कपाळावर घाम होता आणि दोन्ही हातांची बोटं पांढरी पडली होती. पाण्याच्या टाकीचा चौक आला. डावीकडून भाजीचा एक टेम्पो आला. यांनी ब्रेक दाबला. गाडी कितीतरी आधी, अगदी हळू थांबली. टेम्पो निघून गेला. माझा पाय गुलाबी तुकड्यावर होता आणि मी तो जराही दाबला नव्हता.

"पाय आहे ना?"

"आहे हो. चला."

गाव मागे पडलं. रस्ता चढणीला लागला तसे यांचे खांदे खाली आले. तिसरा गिअर पडला, मग चौथाही. लेकीच्या घरच्या खिडकीत ती पोरीला घेऊन उभी असेल, हे माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं. मी पट्टा जरा सैल केला, हळूच चपला काढल्या आणि पाय वर घेऊन मांडी घातली.

हे वळणावर होते, नजर रस्त्यावर.

"पाय आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

वळण संपलं. यांनी शेजारी बघितलं. खाली रिकामा गुलाबी ब्रेक, वर माझी मांडी. गाडी जरासुद्धा डगमगली नाही. हे पुन्हा समोर बघायला लागले, आणि बऱ्याच वेळाने त्यांचं ते जुनं बेसूर गुणगुणणं सुरू झालं. मग ते मध्येच थांबलं.

"पाय खाली घे," ते म्हणाले, "सीट खराब होते."