उतरती मापं

कारखान्यात तिला सगळे टेपताई म्हणत, कारण मोजायची टेप तिच्या गळ्यातून कधी उतरतच नसे. एकदा ती तशीच बँकेत गेली, तर रांगेतल्या एका माणसाने तिला ब्लाउज किती दिवसांत शिवून मिळेल ते विचारलं होतं. कारखान्यात शाळांचे गणवेश आणि हॉस्पिटलचे झगे शिवत. टेपताई कापायच्या टेबलावर होती. दिवसभर एकाच मापाचे चाळीस-चाळीस थर कापून घरी आली की स्वतःसाठी काहीतरी वेगळं शिवावं असं तिला वाटे, आणि त्यासाठी पॅटर्न लागत. कपड्याच्या प्रत्येक भागाचा कागदी साचा, तो पॅटर्न.

फुकट पॅटर्न शोधण्यात तिने दोन वर्षं घालवली. इंटरनेटवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'मोफत' असे आणि चौथ्या पानावर कार्डाचा नंबर मागत. काही खरोखरच मोफत निघत, पण छापून कागद जोडले की माप बरोबर आलंय का ते तपासायचा चौकोन चार इंचांऐवजी पावणेचारच भरे. एका ड्रेसची बाही मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या गोलात, बसवायला घेतली तर दोन इंच उरली.

"हा बाईसाठी काढलाय की आठ पायांच्या कोळ्यासाठी?" ती वैतागून म्हणाली.

सासूबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. घरात या दोघीच. टेपताईचा नवरा लांबच्या रस्त्याचे ट्रक चालवी, महिन्यातले आठ दिवस घरी असे. सासूबाईंनी बत्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्सचं काम केलं होतं. आता गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

"फुकट ते पौष्टिक म्हणतात," त्या म्हणाल्या, "पण तुझं हे फुकट काही अंगी लागत नाही बाई."

मार्चच्या शेवटी टेपताईला वाचनालयाच्या दाराशी एक खोका दिसला. वर चिठ्ठी होती: शिवणाचे पॅटर्न, हवे ते न्यावेत. आत खाकी कागदाची एकच घडी होती. घरी येऊन तिने ती जमिनीवर पसरली आणि गुडघ्यांवर बसून बघतच राहिली. पेन्सिलीच्या रेघा केसासारख्या बारीक होत्या. शिलाईसाठी सोडलेली जागा वेगळ्या रेघेने दाखवली होती, जिथे दोन भाग जुळायचे तिथे खाचा होत्या, कापड कोणत्या बाजूने ताणायचं नाही तेही लिहिलेलं. तिने बाहीचा वरचा गोल मोजला, मग मुंढा मोजला. बाहीत जेवढी ढील, म्हणजे सैलसर जागा, हवी तेवढीच होती, सूतभर जास्त नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात मापं आणि तारीख: छाती छत्तीस, कंबर बत्तीस, खांदा साडेचौदा, उजवा खांदा अर्धा इंच खाली.

मापं टेपताईच्या अंगाशी जवळजवळ जुळत होती. दोन दिवसांत तिने निळ्या सुती कापडाचा ड्रेस शिवला. एकही शिवण उसवावी लागली नाही.

"हे काढणारी बाई जी कोण असेल तिचे हात धुऊन पाणी प्यावं," ती सासूबाईंना म्हणाली.

त्यानंतर दर तीन आठवड्यांनी, गुरुवारी, खोक्यात नवी घडी येऊ लागली. आणून ठेवणारे एक साठीचे गृहस्थ होते. शर्टाला कडक इस्त्री, पँटची घडी अशी की बोट कापावं. एका गुरुवारी ते तिला दाराशीच भेटले.

"तुम्हीच नेता का हे?" त्यांनी हसून विचारलं. "बसतात बरोबर?"

"फार सुरेख आहेत. कोण काढतं?"

"माझी थोरली बहीण. अक्का. ती वर्षभर झालं मुलीकडे परदेशात आहे. मागे कागदांचा हा ढीग ठेवून गेली. मला घरात पसारा चालत नाही." मग तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत ते म्हणाले, "तुमचा बांधा तिच्यासारखाच आहे. म्हणजे तिचा पूर्वी होता तसा. कुठे राहता?"

टेपताईने गल्लीचं नाव सांगून टाकलं. सांगितल्यावर तिला वाटलं, उगाच सांगितलं.

पुढचे पॅटर्नही तितकेच निर्दोष होते, फक्त तिला बसेनात. मेमधल्या टॉपची कंबर तीस होती, जूनमधल्या जॅकेटची साडेअठ्ठावीस. तिला वाटलं, अक्का वेगवेगळ्या माणसांसाठी काढत असतील. ऑगस्टमध्ये एकदा सुट्टीच्या दिवशी तिने सगळे कागद एकाशेजारी एक अंथरले, वाढवून घेता येतील का ते पाहायला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की प्रत्येक कागदावर खांदा साडेचौदाच आहे. पाठीची लांबी पंधरा. उजवा खांदा दर वेळी अर्धा इंच खाली. हाडं बदलत नाहीत, माणूस एकच होतं. छाती मात्र छत्तीसवरून एकतीसवर आली होती आणि कंबर पंचवीसवर.

ती उकिडवी बसून पुन्हा पहिल्यापासून पाहू लागली. पहिल्या ड्रेसला पाठीवर बटणं होती. जूनमध्ये ती पुढे आली. जुलैमध्ये बटणं जाऊन नाड्या आल्या, त्याही जाड, बोटांना पकडता येतील अशा. गळा वर चढत हनुवटीपर्यंत आला होता. आणि शेवटच्या कागदावर उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी होती, बाजूने बांधायची. असली बाही टेपताईने कारखान्यात शेकड्याने कापली होती. हात वर करता येत नाही अशा पेशंटची बाही होती ती.

तिने कोपऱ्यातली तारीख पाहिली. अकरा दिवसांपूर्वीची. तिने रेघेवर अंगठा फिरवला तर पेन्सिलीची काळी भुकटी बोटाला लागली.

"आई," तिने हाक मारली. "वर्षभर परदेशात असलेली बाई अकरा दिवसांपूर्वी इथे पॅटर्न कसा काढेल?"

सासूबाईंनी चष्मा लावला आणि आकडे वाचले. मग एकेका कागदावरच्या कंबरेच्या आकड्यावर बोट ठेवत त्या शेवटापर्यंत गेल्या.

"पाच महिन्यांत सात इंच," त्या शेवटी म्हणाल्या. "आजारानंही होतं हे. पण आजारी माणसाला कुणी परदेशात पाठवून देत नाही, खोटं खोटंसुद्धा."

वाचनालयातल्या बाईंनी अक्कांचा पत्ता लगेच सांगितला. जुन्या सभासद होत्या, रंगाच्या दुकानावर दुसरा मजला, घर त्यांचंच. भाऊ दीड वर्षापूर्वी राहायला आला. "आणि मुलगी?" टेपताईने विचारलं. बाई गोंधळल्या. "अहो, त्यांना कुठली मुलगी? त्यांचं लग्नच झालं नव्हतं."

टेपताई तिथून तडक पोलीस चौकीत गेली. टेबलामागच्या हवालदाराने कागद उलटसुलट करून पाहिला. "यात तक्रार काय आहे? बाई बारीक झाली ही?" मागच्या बाकावरचे दोघं हसले. अर्ज देऊन जा, कधीतरी माणूस पाठवू, असं तो म्हणाला. तिने अर्ज दिला. बाहेर पडली तर समोरच्या फुटपाथवर ते गृहस्थ उभे होते. हातात भाजीची पिशवी, आणि ती सपाट, रिकामी. त्यांनी मान लववून नमस्कार केला आणि ती वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.

"उद्याच जाऊ," सासूबाई म्हणाल्या. "मीही येते."

"दोन जिने आहेत आई. तुमचे गुडघे…"

"गुडघ्यांचं मी बघते. तू टेप घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी घंटा वाजवली. एका पिशवीत, यायला निमित्त म्हणून, टेपताईने शेवटच्या पॅटर्नवरून रात्रीतून शिवलेला झगा होता. दार उघडायला वेळ लागला. गृहस्थांनी त्या दोघींकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, पण सासूबाई तोवर धापा टाकत आत शिरून सोफ्यावर बसल्याही होत्या.

"पाणी द्या हो भाऊ, जिन्यांनी जीव घेतला."

खोली लखलखीत होती. टेबलावर धूळ नाही, पुस्तकांच्या कडा एका रेषेत. स्वयंपाकघरातून कसलाच वास येत नव्हता. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, आणि ती घातलेली होती. गृहस्थ पाणी आणायला वळले तसं टेपताईने कडी काढली.

आत, सोफ्यावरूनही दिसेल अशा खिडकीपाशी, खुर्चीत एक बाई बसली होती. मांडीवर फळी, फळीवर खाकी कागद. डाव्या हातात पेन्सिल होती. उजवा हात कोपरात वाकडा, मांडीवर ठेवून दिल्यासारखा. झग्याच्या आत माणूस कमी आणि हवा जास्त होती. तिने टेपताईच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं आणि तिचे डोळे तिथेच खिळले.

"मोजा," ती इतक्या हळू म्हणाली की टेपताईला वाकावं लागलं.

टेपताईने तिच्या कंबरेभोवती टेप गुंडाळली.

"किती?"

"चोवीसला थोडं कमी."

"बरोबर. मला साडेतेवीस वाटत होतं. लिहून घ्या."

"अक्काला बोलणं सोसत नाही." गृहस्थ दारात उभे होते. आवाज तसाच गोड होता. हातातला पेला काठोकाठ भरलेला, आणि एक थेंबही हिंदकळला नव्हता. "तिचं मन थाऱ्यावर नसतं, म्हणून बाहेर परदेशात गेलीय असं सांगतो. घराण्याची अब्रू असते ना. तिला जेवण पचत नाही. मी सगळं मोजून देतो. तुम्ही आता निघा."

ते दारातून हलले नाहीत. निघायचं तर त्यांच्या अंगावरूनच जावं लागलं असतं. त्यांच्या खांद्यावरून टेपताईला एकदम दिसलं की जिन्याचं दार त्यांनी आतून लावून घेतलं आहे आणि किल्ली कुलपात नाही.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत काहीतरी धप्पकन पडलं. सासूबाई सोफ्यावरून खाली घसरल्या होत्या. एक हात छातीवर, चेहरा वाकडा, ओठ निळसर. श्वास घरघरत होता. टेपताई गृहस्थांच्या अंगावरूनच बाहेर धावली.

"डावा हात… जबडा…" सासूबाई कण्हल्या. "अगं, अॅम्ब्युलन्स बोलाव."

टेपताईने फोन लावला. गृहस्थ दोन पावलं पुढे आले, थांबले. "इथे कशाला? खाली नेऊ त्यांना."

"हलवायचं नाही," सासूबाई कण्हतच म्हणाल्या, आणि गृहस्थांच्या पँटची घडी मुठीत गच्च धरली. ती त्यांनी अॅम्ब्युलन्स येईपर्यंत सोडली नाही. यायला तिला चौदा मिनिटं लागली. गृहस्थ वाकून एकेक बोट सोडवायचा प्रयत्न करीत होते, हळूहळू, जणू एखादं बटण काढावं तसं, आणि तोंडावर हसू तसंच होतं.

खालून सायरन ऐकू आला तेव्हा त्यांनी खिशातून किल्ली काढली. अॅम्ब्युलन्सची दोन माणसं आत आली तशा सासूबाई उठून बसल्या, सोफ्यावर बसल्या बसल्या पेनातून ओठांवर चोळलेली निळी शाई पदराने पुसली आणि नर्सच्या आवाजात म्हणाल्या, "पेशंट मी नाही. आतल्या खोलीत आहे. उपासमार आणि हाताचं जुनं फ्रॅक्चर, बसवलेलं नाही. स्ट्रेचर आणा."

त्यातली एक मुलगी होती, पंचविशीची. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. तिने गृहस्थांकडे एकदाही पाहिलं नाही. फोनवर तिने पोलिसांना बोलावलं, आणि या वेळी ते आले.

हॉस्पिटलात अक्कांना नीट बोलता यायला आठवडा लागला. मार्चमध्ये त्या जिन्याकडे पळाल्या तेव्हा भावाने त्यांचा हात पिरगळला होता. नंतर मशीन गेलं, कात्री गेली, सुया गेल्या. टोचून घेशील म्हणाला. कागद आणि पेन्सिल मात्र राहू दिली. पहिला पॅटर्न हात धड असतानाच काढलेला होता; तो आणि पुढचे कुणाच्या तरी उपयोगी पडतील, वाचनालयात ठेवून ये, असं त्यांनीच त्याला सुचवलं. तो प्रत्येक कागद उजेडात धरून तपासायचा, कुठे चिठ्ठी लिहिली आहे का ते बघायचा. त्याला आकडेच दिसायचे.

"शिवणारं कुणीतरी नेत असेल," अक्का म्हणाल्या. "मापं खरी लिहायची, एवढंच माझ्या हातात होतं."

भावाने पोलिसांना आहाराचा तक्ता दाखवला. सुवाच्य अक्षर, रकाने आखलेले, सकाळी अर्धी वाटी, संध्याकाळी अर्धी वाटी. कोणत्या डॉक्टरने सांगितलं, तर नाव आठवत नाही म्हणाला. का केलं, याचं उत्तर त्याने कुणालाच दिलं नाही. घराचा मोह असेल असं लोक म्हणत. सासूबाईंना ते पटत नसे. "ते पेल्यातलं पाणी पाहिलंस ना," त्या म्हणत. "त्याला आवडायचं ते. मोजणं."

महिनाभराने तो जामिनावर सुटला आणि त्याच घरात राहू लागला. अक्का आता टेपताईच्या घरी, सासूबाईंच्या खोलीत दुसऱ्या पलंगावर असतात. हात बसवायला उशीर झाला, तो पूर्ण वर जात नाही. कंबर एकोणतीसवर आली आहे. संध्याकाळी त्या डाव्या हाताने पॅटर्न काढतात, टेपताई कापते, आणि सासूबाई दोघींना नावं ठेवतात.

गेल्या गुरुवारी दारात एक कागदी पिशवी ठेवलेली होती. आत पांढऱ्या कापडाचा, हाताने शिवलेला झगा होता, टाके एकसारखे, काठ सरळ. चिठ्ठी नव्हती. टेपताईने तो तिथेच उंबऱ्यात पसरून मोजला. खांदा साडेचौदा, उजवा अर्धा इंच खाली. कंबर वीस.

तिने तो अक्कांना दाखवला नाही. पिशवीसकट उचलला आणि चौकीत नेऊन त्याच हवालदाराच्या टेबलावर ठेवला. या खेपेला कोणी हसलं नाही. हवालदाराने झगा उचलून उंच धरला, मग हळूच खाली ठेवला आणि विचारलं, "घरी आत्ता कोण आहे?"

"त्या दोघीच," टेपताई म्हणाली, आणि तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो टोपी घेऊन उठला होता.